दोन लॅब, दोन उत्तरं : मग रेफरन्स लॅब नक्की कशासाठी असते?

गोणपाट
मंडळी नमस्कार. मी एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत खरेदी खात्यात आहे, केमिस्ट्रीशी संबंध बारावीत सुटला तो सुटलाच. गेल्या महिन्यात शेंगदाण्याचा एक लॉट आला, पुढे प्रक्रियेला जाणारा. पुरवठादाराने सोबत लॅबचा रिपोर्ट दिला होता, एकूण अॅफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) ११ पीपीबी, म्हणजे अब्जात ११ भाग. आम्ही आमच्या नेहमीच्या लॅबकडून करून घेतलं तर १९. करारात कोडेक्सची, म्हणजे अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांची मर्यादा आहे, १५. म्हणजे एकाच्या मते माल पास, दुसऱ्याच्या मते नापास आणि मधे मी. दोन्ही लॅब आयएसओ १७०२५ (चाचणी लॅबसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) वाल्या, शिक्के बिक्के सगळं झकास.

साहेब म्हणतात तिसऱ्या लॅबला पाठव, दोन विरुद्ध एक जे येईल ते खरं. पुरवठादार म्हणतो रेफरन्स लॅबकडे जाऊ, ते म्हणतील तो अंतिम निकाल. तर ही रेफरन्स लॅब म्हणजे लॅबचं सुप्रीम कोर्ट असतं का? असेल तर सगळे नमुने आधीच तिकडे का पाठवत नाहीत? आणि त्यांचाच आकडा बरोबर हे कोणी ठरवलं?

चहाबाज
तिसऱ्या लॅबने १५ सांगितलं तर काय करणार? 😀

खडीसाखर
वाचतेय. विषय कोरडा वाटला होता पण आकडे बघून घाबरले.

शंकासूर
यात गहन काही नाही. ज्याचे पैसे त्याचा निकाल. पुरवठादाराच्या लॅबने कमी दाखवलं, तुमच्या लॅबने जास्त. रेफरन्स लॅब म्हणजे तेच दुकान, फक्त पाटी मोठी.

बुरेटआजी
शंकासूर, लगेच चोर ठरवू नका. मी एकतीस वर्षं लॅबमधे काढली, त्यातली शेवटची बारा रेफरन्स लॅबमधे, त्यामुळे थोडं लांबण लावते.

गोणपाट, पहिला प्रश्न तुम्हालाच. दोन्ही रिपोर्टवर आकड्याच्या पुढे अधिक-उणे किती लिहिलंय? ते बघून सांगा, बाकीचं नंतर.

तोवर एक जुनी गोष्ट. विल्यम हॉर्विट्झ म्हणून अमेरिकन केमिस्ट होते. एकच नमुना अनेक लॅबना वाटून केलेल्या चाचण्यांचे ढीगभर निकाल त्यांनी एकत्र मांडले आणि १९८० साली दाखवून दिलं की पदार्थ जितका कमी प्रमाणात, तितकं लॅबा-लॅबांचं उत्तर जास्त फाकतं, आणि तेही ठराविक हिशोबाने. दहा लाखात एक भाग असेल तर फाक साधारण १६ टक्के. आलेखात तो आकार तुतारीसारखा दिसतो म्हणून त्याला हॉर्विट्झची तुतारी म्हणतात. पुढे मायकेल थॉम्पसन यांनी दुरुस्ती केली की १२० पीपीबीच्या खाली २२ टक्के धरा. आता तुमच्या १५ पीपीबीवर २२ टक्के म्हणजे ३.३. हे झालं एका लॅबचं. दोन लॅब एकमेकींशी ताडून बघायच्या तर फरक नऊपर्यंत गेला तरी मला नवल वाटणार नाही. तुमचा फरक आठ आहे. म्हणजे ११ आणि १९ हे भांडणच नाहीये, दोघीही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात.

आणि हे कधी, तर दोघींना एकाच दळलेल्या पिठातला नमुना मिळाला असेल तर. तसा मिळाला होता का?

खडीसाखर
आजी, जरा इस्कटून सांगा ना, पिठाचं काय?

बुरेटआजी
शितावरून भाताची परीक्षा म्हणतो ना आपण, ती भाताला चालते कारण सगळं भांडं सारखं शिजतं. शेंगदाण्यातलं अॅफ्लाटॉक्सिन सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे निर्मळ आणि एखादा बुरशी लागलेला असा सापडतो की त्या एकट्यात लाखो पीपीबी. हिशोब करा, अर्ध्या ग्रॅमचा एक दाणा, त्यात दहा लाख पीपीबी. तो वीस किलोत मिसळला तर सगळ्याची सरासरी २५ वर जाते. चाळीस हजार दाण्यांतला एक! म्हणून कोडेक्सच्या पद्धतीत शेंगदाण्याचा नमुना २० किलोचा असतो आणि तो पूर्ण दळून मगच त्यातून काढायचं. कोणी वरच्या पोत्यातून अर्धा किलो उचलून पाठवला असेल तर लॅब कितीही भारी असो, तिने त्या अर्ध्या किलोचं खरं उत्तर दिलं, लॉटचं नाही.

वळचणीचा_पाहुणा
म्हणजे मशीन कोटींचं आणि घोळ पोत्यापाशी.

गोणपाट
आजी, नमुने वेगवेगळे गेले होते. पुरवठादाराने त्याचा काढला, आमच्या माणसाने आमचा. आमच्या माणसाने कसा काढला ते विचारतो, आता मला धडधडायला लागलंय.

तळटीप
नमुन्याचं पटलं पण धाग्याचा प्रश्न रेफरन्स लॅबचा आहे. मराठीत अधिकृत शब्द 'संदर्भ प्रयोगशाळा'. म्हणजे पेपरातला प्रश्न : संदर्भासह स्पष्टीकरण द्या. (५ गुण)

चहाबाज
"वरील पीपीबी शेंगदाणा या पाठातील असून पुरवठादाराने खरेदी खात्यास उद्देशून म्हटले आहे."

पिपेट_पांडू
😂😂 चहाबाज, पैकीच्या पैकी.

गंमत म्हणजे तळटीप यांनी विनोदात बरोबर तेच सांगितलंय. मी सध्या एका साध्या चाचणी लॅबमधे आहे, रेफरन्स लॅबकडून आम्ही मार खातो त्यामुळे आम्हाला त्यांची ओळख चांगली. लोकांना वाटतं ती जास्त भारी मशीनवाली लॅब जिथे अवघड नमुने जातात. तसंही होतं पण मुख्य काम ते नाही. मुख्य काम म्हणजे बाकीच्या लॅब एकाच भाषेत बोलतायत का बघणं. पद्धत कुठली वापरायची ते ठरवणं, ती पडताळणं, प्रमाणित नमुने आणि जंतूंचे ओळखीचे वाण पुरवणं, माणसं शिकवणं, आणि वर्षातून एकदोनदा सगळ्यांना आत किती आहे ते न सांगता एक नमुना पाठवून परीक्षा घेणं. युरोपात ही उतरंड कायद्यातच लिहिलीय, २०१७ चा ६२५ नंबरचा नियम. वर युरोपियन रेफरन्स लॅब, एकेका विषयाला एकेक. साल्मोनेला नेदरलँड्समधे बिल्टहोवनला, ई. कोलाय रोमला, लिस्टेरिया पॅरिसजवळ, डायॉक्सिन जर्मनीत फ्रायबुर्गला. त्यांच्या हाताखाली प्रत्येक देशाच्या राष्ट्रीय रेफरन्स लॅब आणि त्यांच्याखाली आमच्यासारखे रोज पोती फोडणारे.

त्यामुळे गोणपाट, सगळे नमुने आधीच तिकडे का नाही याचं उत्तर : शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाने रोजचे तास घ्यायचे नसतात.

बुरेटआजी
पांडू, बरंचसं बरोबर, पण सुप्रीम कोर्टाचा भाग अगदीच उडवून लावू नकोस. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक कायम गल्लत करतात. एक रेफरन्स लॅब, जी तू सांगितलीस. दुसरी पंच लॅब, म्हणजे दोन पक्षांचं पटेना की राखून ठेवलेला नमुना जिच्याकडे जातो. काही देशांत ही दोन्ही कामं एकाच इमारतीत होतात, काही ठिकाणी नाही. ब्रिटनची गव्हर्नमेंट केमिस्टची लॅब हे पंच लॅबचं जुनं उदाहरण. १८४२ साली निघाली ती तंबाखूतली भेसळ पकडायला, कारण सरकारचा कर बुडत होता. लोकांच्या पोटाची काळजी नंतर आली. १८७५ च्या कायद्याने तिला अन्नाच्या भांडणात पंच केलं. नमुन्याचे तीन भाग करायचे, एक विक्रेत्याला, एक सरकारी तपासनिसाला, आणि तिसरा सील करून ठेवायचा, भांडण झालं तर फोडायला.

म्हणून पुरवठादाराचं म्हणणं अर्धं बरोबर. पंचाकडे जाता येतं, पण त्यासाठी सील केलेला तिसरा भाग पाहिजे. आहे का तो?

गोणपाट
नाही 😐

शंकासूर
सगळं ऐकलं. आता माझी शंका. पद्धत ठरवणारेच हे, परीक्षा घेणारेही हेच. मग पद्धतच चुकीची असेल तर? सगळ्या लॅब एकमेकींशी तंतोतंत जुळतील आणि सगळ्याच चुकतील. २००८ चं चीनचं दूध आठवतंय का? प्रत्येक रिपोर्टवर प्रथिनं बरोब्बर होती.

वळचणीचा_पाहुणा
शंकासूर, पहिल्यांदा तुमच्याशी सहमत. नवीन लोकांसाठी सांगतो. दुधातली प्रथिनं मोजायची चालत आलेली पद्धत म्हणजे कोपनहेगनच्या योहान केल्डाल यांची, १८८३ सालची. ती प्रथिनं मोजतच नाही. नायट्रोजन मोजते आणि दुधासाठी ६.३८ ने गुणते, या विश्वासावर की दुधात नायट्रोजन आला म्हणजे प्रथिनातूनच आला. मेलामाइन म्हणजे प्लास्टिकच्या ताटल्यांसाठी वापरतात ते रसायन, त्याच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजन. गुणाकार करून बघा, एक ग्रॅम मेलामाइन म्हणजे कागदावर सव्वाचार ग्रॅम प्रथिनं. पाणी घाला, मेलामाइन घाला, रिपोर्ट पास. सहा बाळं गेली आणि जवळपास तीन लाख आजारी पडली. चोर लॅबला फसवायला गेलाच नाही, त्याने पद्धतीचा अभ्यास केला होता. आणि हे अचानक आकाशातून पडलं असंही नाही, २००७ मधेच अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाण्यात मेलामाइन सापडलं होतं.

पिपेट_पांडू
केल्डालवर राग काढू नका हो, त्या बिचाऱ्याची पद्धत आजही रोज चालते आणि भेसळ नसेल तर उत्तम चालते. खरी चूक अशी की एक वर्ष आधी कुत्र्यांच्या खाण्यात सापडलेली गोष्ट माणसाच्या दुधात शोधायची कोणाला सुचली नाही. ज्याचं नाव यादीत नाही ते मशीन शोधत नाही. नंतर पद्धती आल्या, कोडेक्सने २०१० मधे मर्यादा ठरवली, बाळांच्या दूध पावडरीत किलोला १ मिलिग्रॅम. नंतर.

शंकासूर
"नंतर." हाच माझा मुद्दा.

खडीसाखर
माझा भाऊ २०११ मधे जर्मनीत शिकत होता, तेव्हा काकडीने माणसं मरतायत म्हणून आई रोज फोन करून त्याला काकडी खाऊ नको सांगायची. तेही लॅबनेच सांगितलं होतं ना?

बुरेटआजी
खडीसाखर, चोर सोडून संन्याशाला फाशी हे त्याचं चपखल उदाहरण. ई. कोलायची साथ होती, मूत्रपिंडं निकामी होत होती. २६ मे ला हॅम्बुर्गमधून जाहीर झालं की स्पेनच्या काकड्यांवर ई. कोलाय सापडला. सापडला होता, खोटं नव्हतं. पण ई. कोलाय हे आडनाव झालं, त्या घरात बरीच माणसं. साथीतला वाण होता ओ१०४:एच४ आणि काकडीवरचा तो नव्हताच. हे ओळखायचं काम वाण ओळखणाऱ्या विशेष लॅबचं, आणि त्यांनी ते पाच दिवसांत सांगितलं. तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल कचऱ्यात गेला होता आणि युरोपियन युनियनला भरपाई काढावी लागली.

त्याच वेळी रोमच्या रेफरन्स लॅबने या वाणासाठी पीसीआर पद्धत झटपट तयार करून सगळ्या देशांना पाठवली, नाहीतर प्रत्येक देश आपापल्या परीने चाचपडत बसला असता. शेवटी दोषी निघाले मेथीचे मोड, उत्तर जर्मनीतल्या एका शेतावरचे, बी इजिप्तहून आलेलं. ५० हून जास्त माणसं गेली.

आता लॅबवाली असून मीच सांगते, मोडांपर्यंत पोचवलं ते मुख्यतः लॅबने नाही. ल्युबेकच्या एका हॉटेलात कोणी कुठली डिश खाल्ली आणि आचाऱ्याने त्यात काय घातलं होतं ते विचारत गेले, तेव्हा सुगावा लागला. बियांत तो जंतू शेवटपर्यंत सापडला नाही.

चहाबाज
म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पण बंबवाल्याला पत्ता नीट सांगायचं काम रेफरन्स लॅबचं. बरोबर?

बुरेटआजी
अगदी. आणि पत्ता नक्की नसेल तर तोंड बंद ठेवायचं कामही.

तळटीप
अवांतर : अमेरिकेची मापं ठरवणारी संस्था निस्ट प्रमाणित पीनट बटर विकते. नंबर एसआरएम २३८७. छोट्या बरण्या आणि किंमत दुकानातल्या बरणीच्या कित्येक पट. खायचं नाही, त्यावर मशीन तपासायचं.

गोणपाट
आमच्या साहेबांना दाखवतो, मालाच्या भावावरून रडणं बंद होईल.

चहाबाज
ब्रेडही प्रमाणित मिळतो का, म्हणजे संपूर्ण नाश्ता होईल.

पिपेट_पांडू
तळटीप, अवांतर नाही ते. सोनाराची कसोटी असते ना तसं आहे ते, फक्त इथे दगड कोणाचा यावरही कागदपत्रं लागतात.

बरं, मघाशी मार खातो म्हणालो ते सांगतो. जुन्या लॅबमधली गोष्ट, नाव विचारू नका. परीक्षेचा नमुना यायचा तेव्हा जावई आल्यासारखी धांदल. सगळ्यात अनुभवी बाई तो करणार, मशीन आदल्या दिवशी सर्व्हिस केलेलं, नवीन कॉलम, नवीन स्टँडर्ड (ठराविक ताकदीचं द्रावण, ज्याच्याशी नमुना ताडतात), पाच पाच वेळा चालवून त्यातलं गोंडस उत्तर पाठवायचं. झेड स्कोअर, म्हणजे आपलं उत्तर मान्य उत्तरापासून किती लांब त्याचा आकडा, दोनच्या आत असला की पास, दोन ते तीन म्हणजे संशयास्पद, तीनच्या पुढे नापास. आमचे कायम ०.३, ०.५. भिंतीवर प्रमाणपत्रं. मग एक वर्ष त्या बाई रजेवर आणि नमुना माझ्याकडे आला. मी तो रोजच्यासारखा केला, रोजच्या स्टँडर्डवर. स्कोअर आला ३.४. साहेबांनी मला झापला. पण खणून बघितलं तर रोजचं स्टँडर्डच फ्रीजबाहेर राहून उतरलेलं होतं, म्हणजे स्टँडर्ड कमी आणि नमुने सगळे जास्त दिसतायत. किती आठवडे तसे रिपोर्ट गेले देव जाणे. ज्यांचा चांगला माल आम्ही नापास केला त्यांना फोन करायचे की नाही यावर मीटिंग झाली आणि "बघू" ठरलं. मी सहा महिन्यांत सोडलं.

त्यामुळे भिंतीवरचं प्रमाणपत्र मी आता बघत नाही. रेफरन्स लॅबवाले हुशार असतील तर कधीमधी साध्या ग्राहकाच्या नावाने नमुना पाठवतात. ते खरं.

शंकासूर
पांडू, हे लिहायला धाडस लागतं. मान्य. माझं 'ज्याचे पैसे त्याचा निकाल' जरा सरसकट झालं, पण तुमच्या त्या "बघू" मधे तेच आहे, फक्त पैसे न घेता.

वळचणीचा_पाहुणा
उलटा किस्साही आहे. २०१५ मधे ब्रिटनमधे जिरेपुडीत बदाम सापडला म्हणून माल परत मागवला. बदामाची अॅलर्जी जिवावर बेतू शकते म्हणून घाई योग्यच. पण एलायझा ही प्रथिनं ओळखणारी चाचणी बदामाच्या चुलतभावालाही बदाम म्हणते. आजींनी सांगितलेल्या त्याच पंच लॅबने डीएनए पद्धत उभी करून दाखवलं की तो बदाम नव्हता, महलेब होता, चेरीच्या जातीतल्या झाडाची बी. तिसरा भाग राखून ठेवायची पद्धत नसती तर तो व्यापारी संपला असता.

खडीसाखर
पण मग रेफरन्स लॅबला कोण तपासतं? गोणपाट यांचा तिसरा प्रश्न राहिलाच.

बुरेटआजी
एकमेकींना तपासतात. आम्हालाही नमुने यायचे, आणि आमचाही स्कोअर लागायचा, मी एकदा २.६ घेतलाय, दोन रात्री झोप नाही. देशोदेशीच्या मापनसंस्थांची पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय मापन ब्युरोच्या छत्राखाली आपापसात तुलना होते, त्यांचे आकडे उघड प्रसिद्ध होतात, कोणीही बघावेत. सगळ्यात वर देव बसलेला नाही. वर जाल तसं फक्त अधिक-उणे लहान होत जातं. माझा रेफरन्स लॅबवरचा विश्वास एवढ्यावरच आहे, की त्या आपली चूक किती असू शकते ते आकड्यात लिहून देतात. जी लॅब नुसतं '११' लिहिते तिच्यापेक्षा '११ अधिक-उणे ४' लिहिणारी मला जास्त खरी वाटते.

गोणपाट, यावरून आठवलं, तुम्ही पहिला प्रश्न अजून टाळताय.

गोणपाट
आजी, टाळत नव्हतो, शोधत होतो. अपडेट देतो.

एक, आमच्या माणसाने दारातल्या तीन पोत्यांतून मिळून साधारण अर्धा किलो काढला होता. पुरवठादाराने वीस किलो काढून दळला होता, फोटोही पाठवलेत. म्हणजे ज्याला आम्ही चोर समजत होतो त्याचा नमुना आमच्यापेक्षा बरा.

दोन, काल दोघांच्या समोर पूर्ण लॉटमधून नवा नमुना घेतला, वीस किलो, सगळा दळून तीन भाग केले. एक त्यांना, एक आम्हाला, एक सील करून कपाटात. साहेबांनी विचारलं कपाटातला कशाला, मी म्हटलं १८७५ पासूनची पद्धत आहे. गप्प बसले.

तीन, अधिक-उणे. पुरवठादाराच्या रिपोर्टवर होतं, ११ अधिक-उणे ४, आजींनी बहुतेक अंदाजानेच लिहिलं. आमच्या लॅबला फोन केला की तुम्ही का लिहिलं नाही, तर ते म्हणाले लिहिलंय की, दुसऱ्या पानावर. आमच्याकडे फाइलमधे दुसरं पानच नाही. स्कॅन करणाऱ्याला वाटलं त्यावर नुसते नियम आणि अटी असतात.

चहाबाज
स्कॅनरवाल्याचा झेड स्कोअर किती?

बुरेटआजी
ते दुसरं पान मागवून घ्या आधी. आणि कपाट कुठलं? थंड, कोरडं आहे ना, की खिडकीखालचं?

गोणपाट
...उद्या हलवतो.